तेल जातं कुठे?

२४, मंगळवार
गाडीच्या गिअरचं तेल मीच बदलायचं ठरवलं. "रविवारी करू की," नवरा म्हणतो. कुठल्या रविवारी, ते कधी सांगत नाही. एक तारखेला मला पाणी शुद्धीकरण केंद्रात पाळीप्रमुख म्हणून रुजू व्हायचंय. पाळी सकाळी सहाची, तेव्हा बस नसते. माझ्या वडिलांची जुनी मोटरसायकल, एवढाच आधार.

इंजिन थोडं गरम केलं, म्हणजे तेल पातळ होऊन नीट उतरतं. खालचा बोल्ट काढला. काळंकुट्ट तेल, आणि त्यात चमचमणारा लोखंडाचा कीस. बोल्ट परत घट्ट बसवला. मग गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी केली, डाव्या अंगाचा पातळीचा स्क्रू काढला, नवं तेल ओतलं. तेल भोकाच्या काठाशी आलं की थांबायचं. थांबले. एवढंसं काम, आणि घरात त्याचा केवढा बाऊ!

२५, बुधवार
संध्याकाळी गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुन्हा स्क्रू काढून पाहिला. तेल काठाच्या बरंच खाली. काल भरलेलं गेलं कुठे?

२६, गुरुवार
तेलवाल्या दुकानदाराकडे गेले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणतो, "ताई, मिस्टरांना पाठवा. त्यांना समजावून सांगतो."

मिस्टरांना! ज्यांना गाडीची चावी उजवीकडे फिरते की डावीकडे, हेही आठवावं लागतं. मी तिथेच उभं राहून बोल्टचं नवं वॉशर मागितलं. बसवलं. तेल भरलं. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवून ठेवला. गळत असेल तर दिसेलच.

२७, शुक्रवार
पुठ्ठ्यावर एक थेंब नाही. आणि तेल पुन्हा कमी!

भावाला फोन केला. "मग इंजिन पीत असेल. पांढरा धूर येतोय का बघ." धूर नाही. नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "जुनं धूड आहे ते. कशाला जिवाला लावून घेतेस?" लावून कशाला घेते म्हणे! पहिल्याच दिवशी वाटेत गिअरबॉक्स जाम झाला तर लोक म्हणायला मोकळे, बायका वेळेवर येत नाहीत.

२८, शनिवार
परत भरलं.

२९, रविवार
चोर सापडला. घरातलाच.

सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर सासरे गाडीशी उकिडवे बसलेले. हातात पाना, मांडीशी डबा. पातळीच्या स्क्रूच्या भोकातून माझं तेल डब्यात पडतंय.

"बाबा, हे काय चाललंय?"

"जास्तीचं काढतोय. तू रोज ठासून भरतेस. सील फाटेल अशानं."

"गाडी साइड स्टँडवर आहे!"

"मग?"

"मग ती डावीकडे कललीय. स्क्रूही डावीकडेच. भरलेली घागर कलती केली तर पाणी सांडणार नाही?"

"मला शिकवू नकोस. उभा जन्म बस चालवलीय मी."

"बसला साइड स्टँड असतो का?"

मी रात्री गाडी साइड स्टँडवर लावणार, बाबा सकाळी तेल काढणार. तेही डब्यात धरून, म्हणून पुठ्ठा कोरा! माझ्या रागाला तोंड फुटलं ते दुपारपर्यंत मिटलं नाही. दुकानदार, भाऊ, नवरा, आता हे. ज्याला त्याला माझ्या कामात हात घालायचाय, आणि विचारायचं मात्र कुणालाच नाही.

बाबा एवढंच म्हणाले, "पहिल्या दिवशी तुझी फजिती होऊ नये म्हणून बघत होतो गं." ते मला तेव्हा अजिबात ऐकायचं नव्हतं.

३०, सोमवार
तेल बरोबर काठाशी. बाबा गाडीकडे फिरकले नाहीत.

१, मंगळवार
गाडी सुरेख चालली. सहाच्या आधी पोचले. माझ्या खुर्चीवर दुसराच बसलेला. साहेब गोंधळून म्हणाले, "पण तुमच्या मिस्टरांनी गेल्याच आठवड्यात फोन केला होता. म्हणाले, घरी अडचण आहे, ती येणार नाही."

मी म्हटलं, "अडचण घरी ठेवून आलेय. कुठे सही करायची?"