बेंजोचं हमिंग

आबा,

आज वडवणीच्या कार्यक्रमात पोरांनी माझ्या बेंजोला विकतची डीआय पेटी जोडली, कर्ण्यातली घरघर अडवणारी. तळहातावर मावेल एवढी. मी म्हटलं, हिला आमच्या घरी डबी म्हणायचे, आणि एकटीच हसत सुटले. पोरांना वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलं.

दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा तुमच्या रिवायंडिंगच्या दुकानात पंपाची जळकी मोटर तार बदलायला यायची बंद झाली. पाणीच नाही, पंप बंद, तर जळणार काय! मग पाऊस झाला, पंप सुरू झाले, सहकारी साखर कारखान्यात उसाची पहिली मोळी टाकायचा दिवस ठरला, आणि त्या सोहळ्यात मला बेंजो वाजवायला बोलावलं. पण तालमीला माझ्या अॅम्प्लिफायरला मंडपवाल्याची वायर जोडली की कर्ण्यातून नुसतं घूंऽऽ. "हमिंग मारतंय. थांबलं न्हाई तर मी कॅसेट लावनार," तो म्हणाला. मी रडकुंडीला आले.

दारात जळक्या मोटरींची रांग लागलीय, आष्टीकडची माणसं खोळंबलीत, आणि तुम्ही माझी डबी बनवत बसलाय. "त्याची लाइन येगळी, आपली येगळी. तारंला तार भिडली की करंट फिरतो, त्योच घुमतो. आपुन भिडूच द्यायचं न्हाई." लोखंडी पट्ट्यांवर तारेच्या दोन गुंडाळ्या, मधे कागद, सूर लोखंडातून पलीकडे जाणार, हमिंग अलीकडेच राहणार. पण हात तुमचा पंपाचा! जाड तार, मोजके वेढे. हमिंग गेलं, आणि बेंजो तोंडात गोधडी कोंबल्यासारखा वाजायला लागला. आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "अवं, तिला काय हिरीचं पानी उपसायचंय?" तुम्हीही हसलात आणि सगळं उसवलंत. बेंजोचा आवाज नाजूक. त्याच्या बाजूला केसासारख्या तारेचे पुष्कळ वेढे घातलेत, कर्ण्याच्या बाजूला थोडे. मग कुठे तो खणखणला.

मोळीच्या दिवशी पटांगणभर फक्त बेंजो! तुम्ही कर्ण्याच्या खांबाला कान लावून उभे, भेटेल त्याला विचारताय, "हमिंग हाय का? न्हाई ना?" मी खाली उतरले तेव्हा आई तुम्हाला म्हणत होती, "पोरीनं काय वाजवलं, ते तरी ऐकलं का?"

"ऐकलं की! लई झ्याक."

"मंग कोनतं गानं?"

तुम्ही चपापून माझ्याकडे बघितलंत, मी सांगेन म्हणून. मी मान फिरवून खुदुखुदु हसत राहिले. तुम्हाला वाटलं, पोरगी मुद्दाम अडवतीय.

हे पत्र काही पोस्टात टाकणार नाही, बेंजोच्या पेटीत ठेवते. पण आबा, खरं सांगू? वाजवताना मीही हमिंग येतंय का तेवढंच ऐकत होते. कोणतं गाणं वाजवलं, ते मलाच ठाऊक नव्हतं.