बोटभरापेक्षा जास्त नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

हलते! सीट हलते!

मी स्वतःच्या हाताने हलवून पाहिली. नातीची गाडीतली सीट. विहीणबाईंनी दिलेली, परदेशी, नाव उच्चारताना जिभेला गाठ पडेल अशी. एका हाताने धरून जराशी ओढली तर वीतभर दाराकडे आली! कपाटाचा खण सरकावा तशी. आणि हिच्यात चार महिन्यांचं बाळ बसवून ही मंडळी गावभर फिरतायत.

जावयाला हाक मारली. सभ्य माणूस आहे बिचारा. आला, सीटवर मायेने थाप मारली आणि म्हणाला, "आई, ही कंपनी विमानांच्या सीटा बनवते." मी म्हटलं, "मग विमानात बसवा. गाडीत काही नीट बसवलेली नाही!" तो हसला. मला काही हसू आलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीचा फोन. नमनालाच — "आई, त्यांनी दिली म्हणून तुला खुपतंय का?"

आता कागदाशी काय खोटं बोलायचं. खुपलं होतं. थोडंसं. बाळ यायच्या आधी मी त्यांच्या गाडीच्या सीटांना कव्हरं शिवली. दुहेरी फोम, तिरकी टीप, एकही सुरकुती नाही. पंधरा दिवस खपत होते. सगळे म्हणाले, "छान आहेत हं." मग विहीणबाईंचा तो मोठा खोका आला आणि अख्खं घर त्या खोक्याभोवती गोळा झालं. माझ्या कव्हरावर बसूनच खोक्याचे फोटो काढले!

पण खुपणं वेगळं आणि सीट हलणं वेगळं. लेकीला हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं." तिचं बरं मला कळतं. विषय संपव, असा त्याचा अर्थ.

५ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या सीटकव्हरांच्या वर्कशॉपमध्ये कटिंगमास्तरला विचारलं. माझ्या शेजारच्या टेबलावर बावीस वर्षं रेक्झीन कापतोय, मला वाटलं याला तरी कळेल. म्हणतो, "ताई, ब्रँडेड आहे ना? मग काय बघायचं!"

सगळ्यांचं हेच. बांधली कशी विचारावं तर हे कंपनीचं नाव सांगतात. मी म्हटलं, "मास्तर, पायजमा कितीही भारी असो, नाडी सैल असली तर चारचौघांत काय होतं?" त्याने लगेच कंबरेला हात लावून पाहिला. पोटभर हसलो दोघं. पण डोक्यातून काही जात नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

त्या सीटची माहितीपुस्तिका मिळवली. डिकीत होती. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी सीलबंद! म्हणजे कुणी उघडलीसुद्धा नव्हती. विमानवाल्यांची पुस्तिका!

चष्मा लावून दोनदा वाचली. बसवायच्या दोन पद्धती आहेत. एक, गाडीचा पट्टा सीटच्या पोटातून ओवून आवळायचा. दुसरी, गाडीच्या सीटची पाठ आणि बैठक मिळते त्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात, त्यांत आकडे खटकन अडकवायचे. कसंही बसवा, पट्ट्याजवळ धरून हलवली तर बोटभरापेक्षा जास्त हलता कामा नये. बाळाचं तोंड मागे. खांद्यावरचा पट्टा इतका घट्ट की चिमटीत येऊ नये. आणि अंगात जाड जाकीट घालून पट्टा लावायचा नाही — वरून घट्ट दिसतो, आत सगळी हवा.

आमच्याकडे काय? सीट वीतभर हलते, पट्टा चिमटीत येतो आणि बाळाला गादीसारखं जाकीट घालून कोंबलेलं. नापास!

लेकीला फोन केला. "आता तू परीक्षा घेणार का आमची?" हो. घेणार.

९ फेब्रुवारी, रविवार

आज तोंड सुटलं माझं. लिहून मोकळी होते.

लेकीकडे चहाला विहीणबाई होत्या. पुढच्या रविवारी सगळ्यांनी त्यांच्या गावी जायचं ठरलंय. पाच तास, सगळा हायवे. मी विचारलं, "सीट बसवली का नीट?" झालं. विहीणबाई म्हणाल्या, "अहो, सगळ्यात चांगली आणलीय आम्ही. दुकानात चौकशी करून." मी म्हटलं, "चांगलीच आहे. बसवली वाईट आहे."

जावई शांतपणे म्हणाला, "आई, कड्या आपल्या गाडीत नाहीतच. मी टॉर्च लावून पाहिलं. म्हणून पट्ट्याने बांधलीय. गुडघा रोवून, अंगातलं सगळं बळ लावून आवळली." आणि विहीणबाई, गोड हसून — "शिलाई तुमची सुरेखच असते हो. पण हे जरा तांत्रिक आहे."

तांत्रिक! बावीस वर्षं मी गाड्यांच्या सीटा उपसून काढतेय, परत बसवतेय. कुठल्या सीटखाली कुठला बोल्ट आहे ते मी झोपेत सांगेन. आणि मला तांत्रिक!

म्हटलं, "सीट अशीच राहिली तर रविवारी मी बाळाला घेऊन गाडीच्या आडवी बसेन. न्या मग माझ्या अंगावरून!"

लेक लालबुंद. दुसरा चहा कुणी मागितला नाही. मीही नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

लेक बोलत नाही. नको बोलूस! सीट तेवढी घट्ट कर.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी जावई गाडी घेऊन वर्कशॉपवर आला. एकटाच. "हिला सांगू नका. काल रिकाम्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारून बघितला. सीट कलंडली. बाळ नव्हतं आत. तुम्ही बघा एकदा." बरोबर गाडीची माहितीपुस्तिका पण आणली होती. ही मात्र वाचलेली, पानांना खुणा घातलेल्या. तीत चित्रच होतं: मागच्या सीटच्या फटीत, दोन कड्या. म्हणजे आहेत! मग गेल्या कुठे?

मी फटीत हात घातला. बोटांना फोम लागला.

माझा फोम. माझी घडी.

बिस्किटाचा चुरा, नाणी, पेनं फटीत जातात म्हणून मी कव्हराला चार बोटं खोल घडी घालते, दुहेरी फोम भरून, खालून टीप मारून पक्की. माझी खासियत! गिऱ्हाइकं मुद्दाम मागतात. मास्तर तिला "ताईंची घडी" म्हणतो. कड्या त्या घडीच्या मागे गाडल्या गेल्या होत्या. त्याला टॉर्चने दिसणार कशा? आणि पट्टा त्याने आवळला होता तो बरोबरच आवळला होता. पण खालचा फोम दबतो, पुन्हा फुगतो, वरून रेक्झीन गुळगुळीत. कुणीही कितीही गुडघा रोवला तरी सीट हलणारच.

चूक त्याची नव्हती. विहीणबाईंची नव्हती. माझी होती. मी गावभर ज्या गोष्टीवरून भांडत होते, ती मीच शिवलेली!

जावयाने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मी कात्री घेतली आणि माझीच टीप उसवली, टराटरा. कव्हरच काढून टाकलं मागचं. कड्या दिसल्या, नव्याकोऱ्या. सीट टेकवली, दाबली. खट. खट. धरून हलवली. मी हलवली, त्याने हलवली, मास्तरने येऊन हलवली. गाडी डुलायला लागली पण सीट जागची हलेना. बोटभर सोडा, नखभर नाही!

मग मी त्या उघड्या सीटवर बसले आणि रडले. जावयाने पाण्याची बाटली उघडून हातात दिली. तेवढ्यात मास्तर बाहेर निघून गेला. भला माणूस.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

विहीणबाईंना स्वतः फोन केला. कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. म्हटलं, "सीट तुमची चांगलीच होती. कव्हर माझं वाईट." त्या म्हणाल्या, "अहो, पण तुम्ही मागे लागला नसतात तर कुणी बघितलं असतं?" एवढं बोलतील असं वाटलं नव्हतं. "तांत्रिक"चा राग मात्र अजून आहे. थोडा.

१६ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन — पोचले सगळे. बाळ वाटभर झोपलं. जाकीट काढून बसवलं होतं. लेकीने न विचारता सांगितलं!

१७ फेब्रुवारी, सोमवार

ते पोचले, पण माझ्या जिवाला चैन नाही. माझी घडी किती गाड्यांत आहे?

शेठना सांगितलं. शेठ म्हणजे वर्कशॉपचे मालक, माणूस वाईट नाही, भित्रा आहे. "ताई, शिवणकाम करा. कव्हर वाईट होतं असं तुम्हीच बोलत सुटलात तर इथे कुत्रं फिरकणार नाही. आणि असल्या सीटा वापरतात तरी किती लोक?"

"जेवढे वापरतात तेवढ्यांना फोन करणार."

"माझ्या रजिस्टरातले नंबर देणार नाही मी."

नका देऊ! माझी मापांची वही आहे. प्रत्येक गाडीची मापं, मालकाचा नंबर, आणि जिथे घरात लहान मूल आहे तिथे मीच फुली केलेली — कारण मुलांच्या घरी मी जास्त फोम घालायचे. प्रेमाने! एकतीस फुल्या निघाल्या.

१९ फेब्रुवारी, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत फोन लावते: रविवारी गाडी घेऊन या, घडी फुकट उसवून मुलाची सीट घट्ट बसवून देते. वर्कशॉपमध्येच बसून, शेठच्या देखत. लपूनछपून कशाला?

एक जण — "मग तेव्हा का नाही सांगितलंत?" बरोबर आहे त्याचं. एक बाई — "फुकट? काय विकायचंय तुम्हाला?" एक आजोबा — "आमची सीट फार भारी आहे हो, तिला काही होत नाही." म्हटलं, "आजोबा, सीटला नाहीच होत. आत बसणाऱ्याचं बोला." खोकले आणि रविवारी येतो म्हणाले.

२३ फेब्रुवारी, रविवार

शेठने फाटकाला कुलूप घातलं होतं. मी भिंतीबाहेर रस्त्यावर स्टूल टाकून बसले. रस्ता काही त्यांच्या मालकीचा नाही! मास्तर दुसरी कात्री घेऊन हजर. "सुट्टीच आहे, घरी बसून काय करू?"

नऊ गाड्या आल्या. सात सैल. आजोबांची सगळ्यात भारी सीट सगळ्यात वाईट बसवलेली — तोंडसुद्धा पुढे, आणि बाळ सहा महिन्यांचं. उलटी फिरवली, आकडे अडकवले. आजोबांनी तीनदा हलवून पाहिली आणि मला नमस्कार केला. मीच ओशाळले.

सगळ्यात घट्ट कुणाची असावी? एका शाळामास्तरीणबाईंची. सीट साधी, उन्हाने विटलेली, बिननावाची. मी धरून ओढली तर दगड! बाई खाली बघत म्हणाल्या, "माफ करा हं. पुस्तिका वाचली आणि तुमची शिलाई मीच उसवली. दोन वर्षांपूर्वी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." मी भर रस्त्यात त्यांना मिठी मारली.

दोन वर्षांपूर्वी बोलल्या असत्या तर!

२६ फेब्रुवारी, बुधवार

शेठ कारलं खाल्ल्यासारखं तोंड करून आले. "दोन ऑर्डरी आल्यात. कड्यांना जागा सोडलेलं कव्हर पाहिजे म्हणे." मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे, जरा जास्त वेळ.

नवा नमुना बेतला. फटीत घडी नाही, दोन खाचा, काठाला पट्टी. बैठकीला एकच पातळ थर. मास्तर म्हणतो दिसायला बोडकं दिसतं. दिसू दे! फाटक या रविवारी उघडं राहणार आहे, शेठ स्वतः म्हणाले. फोन फक्त तीन उरलेत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

तिसावा फोन. पांढरी गाडी, बँकेतले गृहस्थ, कव्हर चार वर्षांपूर्वीचं. फोन बायकोने उचलला. मी पाठ झालेलं बोलायला लागले, तिने मधेच थांबवलं. "सीट घेतली होती आम्ही. चांगल्यातली घेतली होती. पण काही केल्या घट्ट बसेना, म्हणून काढून माळ्यावर टाकली. मांडीवरच घ्यायचे मी त्याला." मग म्हणाली, "तो गेला हो, अपघातात. आम्ही दोघं वाचलो. तीन वर्षं झाली. तुम्ही आज का विचारताय?"

फोन ठेवता आला असता. शेठ समोर होते, हातानेच नको नको करत होते.

मी सांगितलं. घडी, फोम, कड्या, कुणी शिवलं — सगळं. तिने घराचा पत्ता सांगितला.

उद्या सकाळी जाते. एकटीच.