बालाघाटाहून टोरंटो किती दूर

बालाघाट, शुक्रवार

अनुसयाताईले धाकट्या प्रेमलताचा वाकून नमस्कार.

तू मजेत असशीलच, फोटोत गाल वर आलेले दिसून राह्यले. श्रुतिका अन् बाळ सुखात असो. आमचंही ठीक आहे, माझे गुडघे सोडून (तू विचारलं नाही, तरी सांगते).

मंगळवारी शेजारच्या लीलाबाईकडे बारशाले गेलती. पाळण्यात पोरगं त्यायचं, पण विषय तुझा. जी ताई कटंगीहून तुमसरच्या बसमध्ये उलटीची पिशवी घेऊन बसे, ती म्हणे लेकीच्या बाळंतपणाले विमानानं गेली. कोणी मले विचारलं, टोरंटो किती दूर. मी म्हटलं, काही नाही, दिल्लीहून चार-पाच तास, आपलं नागपूर तेवढं. (जळून नाही म्हटलं, मले खरंच तसं वाटलं होतं.) लीलाबाईनं तिथंच मोबाईल काढून वाचलं, साडेअकरा हजार किलोमीटर, चौदा-पंधरा तास. बायायनं तुझं कौतुक केलं अन् पाह्यलं माझ्याकडं.

घरी येऊन ह्यायले विचारलं. ह्यायची सारी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेली, तोंडी उत्तर देणं जमत नाही. भाजीसाठी ठेवलेलं कोहळं घेतलं, त्यावर दोरा ताणला अन् दाखवलं की विमान सरळ पश्चिमेले नाही, वरून बर्फाच्या अंगानं जाते, तेच जवळ पडते. मी म्हटलं, कोहळ्यावर काहून फिरवता, रामटेकच्या पुढं कधी खरं फिरवलं काय. ते दोरा गुंडाळत राह्यले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच म्हणे, चाल नागपूरले, विमान दाखवतो. बस तुमसरच्या अलीकडं पंक्चर झाली, तिथं उन्हात बसलो. विमानतळाच्या दारात शिपायानं तिकीट मागितलं. हे म्हणाले, "जायचं नाही, मंडळीले विमान दाखवाचं होतं." तो हसला नाही (देव त्याचं भलं करो), पण आत सोडलंही नाही. मग बाहेर चहाच्या टपरीपाशी माना वर करून उभे राह्यलो. एक विमान डोक्यावरून गेलं. ह्यायनं विचारलं, "दिसलं?" मी हौ म्हटलं. पण मले तुझा असा राग आला, ताई. तू त्याच्या आत बसून गेली अन् मी खालून त्याचं पोट पाहून राह्यली.

परतीची बस चुकली, दुसरी रडतखडत आली. घराचं कुलूप उघडलं तेव्हा ह्यायनं हिशेब केला, पंधरा तास झाले. तेवढ्या वेळात तू टोरंटोले पोचली, आम्ही आमच्याच घरी.

थंडीत स्वेटर घाल. अन् फोटो जरा कमी पाठव, लोकायले दाखवून माझा मोबाईल तापते.

तुझी (अजिबात न जळणारी)
प्रेमलता

ता. क. हे पत्र श्रुतिकाले वाचून दाखवू नको.

आणखी ता. क. दाखवलंच तर हेही वाच. आम्ही दोघायनं पासपोर्टचा फारम भरला आहे. पुढच्या बाळंतपणाले मावशी चालेल काय, ते तिचा मूड पाहून विचार. खिडकीची जागा ह्यायले द्यायचं मी कबूल केलं आहे. ते विमानात बसल्यावर पाहू.