काचेखालचं भात

शनिवार, संध्याकाळ. शहापूर.

आई गेल्यापासून आबा किन्हवलीच्या घरी एकटेच आहेत. त्यांना पुण्याला माझ्याकडे न्यायचं आहे. घराबाहेर त्यांना झोप लागते का, ते पाहावं म्हणून आज इथे आणलं. जुन्या पेठेतल्या भाताच्या वखारीचं आता हॉटेल झालंय. खोलीच्या मधोमध जमिनीत काच बसवलेली, काचेखाली खरं भात पसरलेलं.

आबांनी दारातच वहाणा काढल्या. भिंतीला धरून कडेकडेने पलंगापर्यंत गेले.

"आजोबा, बिनधास्त चाला. हत्ती नाचला तरी फुटनार नाय," म्हणत वेटर चहा घेऊन बुटांनिशी काचेवरून गेला. आबांनी वाकून काचेला हात लावला, कपाळाला टेकवला. तो परत जाताना पुन्हा तेच.

"तुज्यासाठी किती येला पाया पडू रे? कडंनं जा की."

तो हसला. मीही हसले. हसायला नको होतं.

चहा झाल्यावर विचारलं, "आबा, उद्या इथून सरळ पुण्याला जायचं ना?"

"तुज्या घरात खाली काय हाय गो?"

"दुसऱ्यांचं घर. माझा चौथा मजला."

त्यांनी पाय वर घेतले. "म्हंजे मानसांच्या डोक्यावर चालायचं."

मी समजावत राहिले. ते काचेकडे बघत होते. शेवटी म्हटलं, "बरं, किन्हवलीलाच जाऊ."

तसे आडवे झाले आणि लगेच गाढ झोपले.

पुण्यात त्यांच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली आहे. पडदेसुद्धा लावलेत. तिचं आता काय करू?