विहिरीतली बरणी

८ जुलै, बुधवार

बियरचं यीस्ट कुणाच्या मालकीचं असतं?

मला उत्तर येत नाही. चार वर्षं कौनासच्या विद्यापीठात अन्नशास्त्र शिकले, सूक्ष्मजीवांच्या पेपरात वर्गात पहिली आले – आणि आज बियर-भट्टीच्या रिमगौदास साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला तेव्हा ‘मालक’ या रकान्यापाशी पेन अडकलं.

“बाबांचं नाव लिही की!” ते म्हणाले. “तुमच्या विहिरीत असतं ना?”

लिहिलं नाही. घरी विचारून सांगते म्हटलं.

पण त्यांची बियर-भट्टी! लाल विटांची, तांब्याच्या हंड्यांची. शाळेची बस तिच्यावरून जायची तेव्हा मी खिडकी उघडायचे, माल्टचा, मोड आणून भाजलेल्या जवाचा, वास यावा म्हणून. आई अजून सांगते की सातव्या वर्षी मी म्हटलं होतं, मोठी झाल्यावर मी इथे राहणार. तिथे आज साहेबांनी मी घरून नेलेली बाटली उघडली, एक घोट घेतला, लगेच दुसरा घेतला. मग म्हणाले, “हे मला हवंय. आणि बनवायला तू हवीस.”

नोकरी! तीही हंड्यापाशी, कार्यालयात नाही. अट एकच. हे यीस्ट दुसऱ्या कुणाकडे नसावं, आणि यापुढे आम्ही ते कुणाला देऊ नये. कलम सहा.

९ जुलै

बाबा कुंपण दुरुस्त करत होते. सगळं ऐकून घेतलं, खिळा ठोकला, मग म्हणाले, “शेजारी विस्तव मागायला आला तर तू कागद करतेस का?”

घरात यीस्ट हा शब्द मी सोडून कुणी वापरत नाही. घरात ते विरजण. आजोबांच्या काळापासून काचेच्या बरणीत, दोरीला बांधून विहिरीत सोडलेलं. दर खेपेला बियरच्या तळचा साका काढायचा, बरणीत भरायचा, पुन्हा विहिरीत. कुणाचं बिघडलं की तो रिकामी बरणी घेऊन दारात येतो. नाही म्हणायचं नसतं. आणि घेणाऱ्याने आभार मानायचे नसतात – मानले तर विरजण मरतं म्हणतात.

आई मात्र चिडली. “विस्तव काय, कागद काय! पोरगी शिकली ती विहिरीतली बरणी सांभाळायला? मी बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले ते यासाठी?”

बाबा बाहेर गेले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. भांडण झालं की ती पदवी मध्ये येते.

११ जुलै, शनिवार

पाहिलेल्या भट्ट्यांची मी वही ठेवते, त्यातली ही एकेचाळिसावी. दोन बस बदलून गेले. जुन्या दूध-केंद्रात नवरा-बायको दोघंच बनवतात. पिंपं अजून दुधाचीच! राय धान्याच्या भाकरीचा वास, मागून जराशी धुराची चव, आणि जिभेवर शेवटी काहीतरी गवतासारखं. मी तीन वेळा विचारलं, हे गवत कुठून आलं? बायको हसली. “पाण्यातून असेल. नाहीतर याच्या बुटांतून.”

अशा जागी गेलं की मला वाटतं, जग ठीक चाललंय. प्रत्येकाचं पाणी वेगळं, जव वेगळं, हट्ट वेगळा. दुकानात मात्र सगळीकडे त्याच चार कंपन्यांचे डबे. रिमगौदास साहेब तेच म्हणतात – “मोठे येतात, चव उचलतात, मी कागदाशिवाय उभा राहिलो तर सहा महिन्यांत कुलूप.” ते खोटं बोलत नाहीत. म्हणूनच जड जातं.

१६ जुलै

साहेबांचा फोन. यीस्ट शुद्ध हवं. “गाळ आणू नकोस, पोरी. एकच जात, स्वच्छ.”

जुना सूक्ष्मदर्शक स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला. आमच्या विरजणाचा एक थेंब – अरे देवा! गोल पेशी, लांबट पेशी, मध्येच काड्यांसारखे जंतू. परीक्षेत असं चित्र आलं असतं तर मी ‘दूषित’ लिहून मोकळी झाले असते. साठ वर्षं आम्ही हे पितोय! मला लाज वाटली. खरंच लाज वाटली, जणू कुणीतरी आमच्या घराचा कोपरा पाहिला.

बशांवर पेरलं आहे. सगळ्यात जोमदार ठिपका निवडायचा, तोच वाढवायचा.

२५ जुलै

झालं. शुद्ध, पांढरं, एकसारखं. बरणी धुऊन उकळून त्यात नवं भरलं. जुनं भोपळ्याच्या वेलाला ओतलं. बाबांना चर्चच्या पंधरा ऑगस्टच्या सणाची बियर चाखल्यावरच सांगेन. आधी फरक कळू दे!

१ ऑगस्ट, शनिवार

बियर काढली. पहाटे चुलीवर पाणी, लाकडी पिंपाच्या तळाला पेंढा आणि रासबेरीच्या काड्या, वर माल्ट. गोड काढा गाळून उतरायला लागला तेव्हा बाबांनी नेहमीसारखं पहिलं भांडं मला दिलं. मग दोरी ओढून विहिरीतली बरणी काढली. झाकण उघडलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं.

“गप्प आहे आज,” म्हणाले. आणि ओतलं.

मी झाकण आणायला वळले.

५ ऑगस्ट

चाखली.

बाबांनी घोट तोंडात घोळवला. मग पेला खिडकीत ठेवला, उजेडात पाहिला. स्वच्छ होती, आमची बियर इतकी स्वच्छ कधीच नसते. “पाहुण्यासारखी आहे,” म्हणाले. “नीट बसलीय. बोलत काही नाही.”

मीही चाखली. वास नाही, ती शेवटची आंबटसर टोचणी नाही, मध नाही. ही बियर कुणीही कुठेही बनवली असती.

सांगितलं. सूक्ष्मदर्शक, बशा, भोपळ्याचा वेल – सगळं. ओरडतील असं वाटलं होतं. ते उठून वेलापाशी गेले आणि नुसते उभे राहिले. साठ वर्षांचं होतं. आजोबा गेले तेव्हा बाबांनी पहिल्यांदा बरणी पाहिली होती, मग आजोबांना. आई सांगते.

मी ते वेलाला घातलं.

संध्याकाळी त्यांनी बोटांवर मोजलं, आम्ही आजवर कुणाकुणाला दिलं. पेत्रोनेले मावशी वारल्या. त्यांचा भाचा दुकानातली पुडी वापरतो. राहिले लिउदास काका.

लिउदास काकांशी बाबा अकरा वर्षं बोललेले नाहीत. काकूच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या जेवणात बाबा चारचौघांत म्हणाले होते, “लिउदास, बियर आंबली तुझी.” काकूनेच शेवटची केलेली, काकांनी वर्षभर जपलेली बियर होती ती. बाबांना माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर माफी मागायला गेले तर दार उघडलं नाही.

“ज्याच्याकडून गेलं त्याने मागायला जायचं असतं,” बाबा म्हणाले. म्हणजे मी.

६ ऑगस्ट

रिकामी बरणी हातात, झाकण न लावता. तसंच न्यायचं असतं, येणारा कशासाठी आलाय ते लांबूनच दिसावं म्हणून. दीड किलोमीटर रस्ता. दोन घरांतल्या बायकांनी पाहिलं. पाहू दे.

काका सफरचंदाखाली बाकावर. पंचाऐंशीचे आहेत, पण नजर पक्की.

“स्तासिसची ना तू? शिकलेली?”

“हो.”

“मग कसं मेलं?”

“मीच मारलं, काका. धुतलं.”

“धुतलं?” त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “साबणाने?”

मी समजावू लागले – जाती, पेशी, जंतू. त्यांनी हात वर केला. “तुझ्या बापाने अकरा वर्षांपूर्वी सांगितलंच होतं, आंबट आहे म्हणून. आता त्याची गोड झाली असेल.”

“नाही झाली. पाहुण्यासारखी झाली.”

हे ऐकून ते हसले नाहीत, पण उठले. तळघरातून पेला आणला. मी प्यायले आणि तिथेच रडू फुटलं – तीच! आजोबांची, बाबांची. जराशी जास्त आंबट.

“हे तुमच्याच घरचं,” काका म्हणाले. “माझी तेक्ले तुझ्या आजीकडून घेऊन आली होती. लग्नाच्या आदल्या आठवड्यात. मग तुमचं कसं म्हणू, आणि माझं तरी कसं म्हणू?”

बरणी भरून दिली. तोंडातून आभार निघत होते, मी हाताने तोंड दाबलं. तेव्हा मात्र हसले. “एवढं तरी शिकवलं बापाने!”

९ ऑगस्ट

पुन्हा बियर काढली. बाबांनी बरणी हुंगली आणि ओतताना टोपी काढली. दुपारपर्यंत फेस पिंपाच्या काठावर. तळचा साका मी बरणी बरणीने काढून ठेवणार आहे. एकच बरणी, एकच विहीर – हा वेडेपणा आता पुरे.

१२ ऑगस्ट

रिमगौदास साहेबांना फोन करून सगळं खरं सांगितलं. शुद्ध यीस्टमध्ये ती चव नाही, चव त्या गाळातच आहे. आणि तो आता लिउदास काकांकडूनही आलेला आहे.

वाटलं, करार मोडतील. मोडला नाही. “हरकत नाही, गाळ तर गाळ. पण त्या म्हाताऱ्याकडून लिहून घे. यीस्ट तुमच्या घराण्याचं आहे, तो पुढे बनवणार नाही.”

“ते रोज स्वतःची बियर पितात, साहेब.”

“पंचाऐंशीचे ना? मग बनवणार तरी किती दिवस?” मग आवाज खाली आला. “मी वाईट माणूस नाही, स्किर्मांते. माझ्याकडे एकतीस माणसं आहेत. सोमवारी अकरा वाजता ये. तुझ्यासाठी पांढरा कोटही शिवायला टाकलाय.”

पांढरा कोट. मी सही केली तर लिउदास काका आपल्या तळघरात चोर ठरतात. नाही केली तर लाल विटांच्या आत मी आयुष्यात कधी जाणार नाही, फार तर पाहुणी म्हणून. आणि आई?

१३ ऑगस्ट

आई चिडलीय. काकड्या खारवायच्या आहेत आणि फळीवरच्या बरण्या सापडत नाहीत. “चोर तरी काय काय नेतात हल्ली!”

१५ ऑगस्ट, शनिवार

सण. चर्चमध्ये राय धान्याच्या ओंब्या, झेंडू, शेपूची फुलं यांच्या जुड्या. नंतर आमच्या अंगणात टेबलं, ओव्याचं चीज, धुरवलेलं मांस, आणि बियर.

रीत अशी की बियरचा पहिला जग ज्याने विरजण दिलं त्याला. बाबांनी स्वतः भरला. लिउदास काका येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, पण ते फाटकापाशी उभे होते, आत न येता. बाबा जग घेऊन फाटकापर्यंत गेले. आत ये म्हणाले नाहीत. जग पुढे धरला.

काकांनी एक घोट घेतला. ओठ पुसले. पुन्हा एक.

“स्तासिस,” ते म्हणाले, “आंबली तुझी.”

आईने चीज कापता कापता सुरी खाली ठेवली.

बाबा म्हणाले, “हो ना. तुझ्याकडूनच आणली.”

मग काका फाटक ढकलून आत आले आणि भाकरी कुठे आहे विचारलं. आई धावली. बाबा जनावरांच्या गोठ्यामागे जाऊन बराच वेळ आले नाहीत.

१६ ऑगस्ट

आईने माझा निळा ब्लाउज इस्त्री करून खुर्चीवर ठेवलाय. उद्यासाठी. कॉलर दोनदा इस्त्री केली. तिच्याकडे बघवत नाही.

१७ ऑगस्ट, सोमवार

निळाच ब्लाउज घातला. अकरा नव्हे, नऊलाच गेले. रिमगौदास साहेबांच्या टेबलावर करार उघडा पडला होता, कलम सहावर त्यांनी पेन्सिलने खूण केली होती. त्यावर मी आईच्या काकडीच्या बरण्यांतली एक ठेवली, विरजणाने भरलेली.

“ही चोविसावी,” म्हटलं. “तेवीस काल प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर वाटली, ज्याने हात पुढे केला त्याला. त्यातल्या दोन त्या दूध-केंद्रवाल्यांनी नेल्या. ही तुमची. आभार मानू नका, साहेब – मरेल.”