कोरडा ढावलो

तांडा, ता. महागाव, जि. यवतमाळ
दि. ५ जानेवारी २०२५

ती. शामभियास,
अंजूचा सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘हो’, ‘बरं’ आणि ‘ठेवतो’ यांच्यापलीकडे जात नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला निदान ‘ठेवतो’ म्हणता येत नाही.

माझं लग्न ठरलं. घाटंजीजवळच्या तांड्यातलं घर आहे. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला, घरी तो आणि त्याची आई धनीबाई, एवढीच माणसं. घरात आई नाही, याडी गेल्याला वर्ष व्हायच्या आत कार्य उरकावं, असं तांड्याच्या धावजी नायकांचं म्हणणं पडलं. तारीख १६ फेब्रुवारी. बाने मान हलवली. बा आता सगळ्यालाच मान हलवतो. जेवतो, बैलांना वैरण टाकतो, आणि याडीचा मोबाईल रोज चार्जिंगला लावतो. कशाला, ते मी विचारत नाही.

माझी अडचण वेगळीच आहे. सासरी निघताना आपल्या मुलीनं एकेकाच्या गळ्यात पडून निरोपाचा ढावलो म्हणायचा, रडायचं, हे तुला माहीत आहे. रुपीबाई रोज संध्याकाळी मला शिकवायला येते. शब्द पाठ झाले, चाल बसली, पण डोळ्यांत टिपूस येत नाही. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात याडी गेली तेव्हाही आलं नव्हतं. रुपीबाई म्हणाली की पोरी, तुह्या काळजाचा दगड होऊन राह्यला, अन् कोरड्या डोळ्यानं बापाचं घर सोडणारी पोरगी तांड्यानं अजून पाह्यली नाही. मी हसले. तेही चुकलंच.

तू ये. लालसिंगकाका विचारत होते की शाम्या तिकडे समुद्रावर सायकल घेऊन काय विकून राह्यला. येऊन त्यांनाही सांग. येताना ती सायकलवरची घट्ट चड्डी मात्र घालू नकोस.

माया आहे तेवढीच राहू दे.
तुझी,
अंजू

*

जुने गोवे
दि. १७ जानेवारी २०२५

चि. अंजूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. आनंद झाला असं लिहायला हवं, आणि झालाच असणार. आजकाल काय झालं ते मला उशिरा कळतं.

लालसिंगकाकांना सांग, मी काही विकत नाही. पुण्या-मुंबईची माणसं समुद्राकाठानं सायकल चालवायला येतात, मी त्यांना रस्ते दाखवतो. देवगडहून मालवणकडे निघालं की समुद्र उजव्या हाताला राहतो. घाटी चढावी, उतरावी, पूल ओलांडावा, की पुन्हा घाटी. पुढचा एक जण वाट दाखवतो आणि मी सगळ्यांच्या मागे असतो. जो दमेल, ज्याची चेन पडेल, तो माझा.

सध्या दिवाडी बेटाचा नवा रस्ता आखतो आहे. फेरीबोटीत सायकल चढवायची, नदी ओलांडली की बेट. दोन्हीकडे भातखाचरं, मध्ये बांधावरून अरुंद डांबरी रस्ता, पाण्याच्या कडेला कांदळवन, पांढरे बगळे. मध्येच एक टेकडी, वर चर्च, तिथून चहूकडे पाणी दिसतं. परवा एक बाई तिथं पोचल्या आणि रडायलाच लागल्या. म्हणाल्या, इतकं सुंदर सहन होत नाही. मी त्यांच्या टायरची हवा तपासली. सुंदर आहे हे मलाही दिसतं, म्हणून तर रस्ता आखतो. दिसतं, आणि तिथंच राहतं. याडीला जाळून आलो त्या दिवसापासून हे असंच आहे.

१६ तारखेला माझ्याकडे मोठी टोळी आहे. सुट्टी अवघड दिसते. ढावलोचं एवढं मनावर घेऊ नकोस. आजकाल पुष्कळ मुली म्हणत नाहीत. तूही म्हणू नकोस, सरळ गाडीत बस.

बाला दंडवत. तुझ्यावरचा जीव होता तिथंच आहे.
शाम

*

तांडा, ता. महागाव
दि. २६ जानेवारी २०२५

ती. शामभियास,
सा. न. वि. वि.

सरळ गाडीत बस म्हणतोस. लाज वाटायला हवी होती, पण तुझं तेही उशिरा कळायचं चालू असेल.

ढावलो म्हणायला पहिला गळा आईचा लागतो. तो नाही. दुसरा भावाचा. तोही नसेल तर मी काय बैलाच्या गळ्यात पडू? अरे, डोक्यावरून ओढणी असते. रडणारीच्या डोळ्यांत पाणी आहे की नाही, हे ज्याच्या गळ्यात पडली त्यालाच कळतं. बाच्या खांद्यावर मी कोरडी गेले तर तो आयुष्यभर मनात ठेवील. रुपीबाईला कळलं तर महागावच्या बाजारापर्यंत जाईल. तुला कळलं तर मला चालेल. तूही तसलाच आहेस.

इतकी माणसं मागे राहिली तर तू थांबतोस. माझ्यासाठीही थांब.

लोभ उणा करू नये. केलास तर मी सोडणार नाही.
अंजू

*

जुने गोवे
दि. २३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अंजूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचलो. जावयांना नमस्कार, धनीबाईंना दंडवत.

तुझ्याशी नीट बोलणं झालंच नाही. टोळी दुसऱ्यावर सोपवून निघालो, पण रेल्वे एवढी उशिरा धावली की नांदेडला उतरलो तेव्हा दिवस वर आला होता. जीप मिळेना, म्हणून डब्यातून काढलेली सायकल तशीच हाणली. हदगाव, उमरखेड, महागाव. सपाट रस्ता, पण वारा तोंडावर. तांड्यात शिरलो तेव्हा तू निघायच्या बेतात होतीस आणि बायांनी मला थेट तुझ्यापुढे उभं केलं.

तू गळ्यात पडलीस, ढावलो सुरू केलास. आवाज अगदी याडीचा. माझ्या मानेला मात्र तुझं टिपूसही लागलं नाही. मीही तसाच कोरडा उभा होतो. तू गेल्यावर रुपीबाईनं माझ्या खांद्यावरून हात फिरवला, शर्ट चिंब. तिनं सगळ्या बायांना बोलावून दाखवलं की पाहा, पोरगी भावाच्या गळ्यात किती रडली. तो सगळा घाम होता. बा माझ्याकडे पाहत राहिला आणि मग आतून स्वतःचा सदरा आणून दिला.

तुझी अब्रू माझ्या घामानं राखली, हे जावयांना सांगू नकोस. नवीन घरात जपून राहा.

मनात आहेस.
शाम

*

तांडा, ता. घाटंजी
दि. ९ मार्च २०२५

ती. शामभियास,
अंजूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसले, पण आज लिहायचं कारण दुसरं आहे.

मंगळवारी सासूबाईंनी वाळवलेली अंबाडी काढली आणि म्हणाल्या की आज तुझ्या आईसारखी भाजी कर, तुमच्याकडची चव पाहू. मी पातेलं ठेवलं आणि अडले. ज्वारीच्या कण्या याडी आधी शिजवून घ्यायची की भाजीतच टाकायची, आठवेना. मी म्हटलं, थांबा, विचारून सांगते. मोबाईल घेतला, ‘याडी’ लिहिलेलं नाव दाबलं आणि कानाला लावला. एका हातानं मीठ घालत होते, भिया. मला काहीसुद्धा वाटलं नाही.

फोन लागला. बाने उचलला. मी विचारलं, कण्या आधी की मागून. बा वैतागला. म्हणाला की मले काय मालूम, थांब, तिले विचारतो. आणि त्यानं घराकडे तोंड करून याडीला हाक मारली. मोठ्यानं, शेतातून मारायचा तशी.

मग तिकडे त्याला आठवलं आणि इकडे मला.

त्यानंतर मला जे रडू आलं ते सांगता येत नाही. मी सासूबाईंच्या गळ्यात पडले आणि ढावलो सुरू झाला, आपोआप, शेवटच्या ओळीपर्यंत. सासरी येऊन सासूच्या गळ्यात ढावलो! आपल्यात कुणी ऐकलं तर तोंडात बोट घालील. हा तर माहेर सोडतानाचा. सासूबाई आधी घाबरल्या, अवदसा म्हणाल्या, आणि मग त्याही माझ्याबरोबर म्हणायला लागल्या, त्यांच्या आईच्या नावानं. फोन चालूच होता. बाने शेवटपर्यंत ऐकलं, ठेवला नाही.

भाजी करपली. तरी आम्ही दोघींनी खाल्ली.

तू कसा आहेस ते खरं लिही. तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
अंजू

*

दिवाडी
दि. २० मार्च २०२५

चि. अंजूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र फेरीबोटीच्या धक्क्यावर वाचलं. दोनदा वाचलं. बोट निघून गेली, माझी माणसं पुढे गेली. आज पहिल्यांदा मी इतका मागे राहिलो की मलाच आणायला कुणीतरी परत आलं.

खरं लिही म्हणालीस. मला अजून रडू आलेलं नाही.

तुझं पत्र मिटल्यावर मीही ‘याडी’ नाव काढलं. दाबलं. बाने पहिल्याच रिंगला उचलला. काही बोलला नाही, मीही नाही. मला ‘ठेवतो’ म्हणता आलं नाही. बोट पुन्हा या काठाला लागेपर्यंत आम्ही दोघं तसेच फोन कानाला लावून होतो.

शाम