नववर्षाच्या विनोदी सिनेमाचा निकाल

शाम शुई पो, हाँगकाँग
नववर्षाचा पाचवा दिवस

रा. रा. मेहुणेबुवा लोक त्सुन-कित यांना मोक याउ-शिंगचा दोन्ही मुठी जुळवून नमस्कार. नवं वर्ष आपणांस भरभराटीचं जावो, आपल्या भट्टीतली बदामाची बिस्किटं कधी न करपोत, आणि आपले गुडघे जिने चढताना तक्रार न करोत. (एवढं अहो-जाहो पुरे. तुला मी शाळेच्या गणवेशात नाक पुसताना पाहिलेलं आहे. इथून पुढे 'तू'.)

इकडे सर्व ठीक. तुझ्या ताईचं ब्लडप्रेशर गोळीच्या धाकात आहे. माझी पाठ वाकली आहे, पण अजून माझीच आहे. मुळ्याचा केक यंदाही तिने दोघांना जाणार नाही इतका केला आणि मग "एवढा खाणार कोण?" म्हणून माझ्याकडेच रागाने पाहिलं. कोण खातो ते तुला ठाऊक आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू "भट्टी चालू आहे, भावोजी" म्हणून ठेवून देतोस. पत्रापुढे भट्टीचं कारण चालत नाही.

आता मुद्दा. गेल्या वर्षी तू आमच्याकडे आलास तो नेमका नववर्षाच्या तिसऱ्या दिवशी. त्या दिवशी भांडणाचं लाल तोंड उघडतं म्हणून अख्खं गाव एकमेकांच्या घरी जायचं टाळतं, आणि तू मात्र मकावहून बोटीत बसून, हातात संत्री घेऊन दारात हजर! मी दार उघडलं आणि आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. पण घरचा माणूस, परत कसा पाठवणार? नववर्षात सगळ्यांनी मिळून थिएटरात विनोदी सिनेमा बघायचा, या तुमच्या बाबांच्या रिवाजाप्रमाणे तुझ्या ताईने सिनेमाचं काढलं, तर तू पाय पसरून म्हणालास, "ताई, हल्लीचे विनोदी सिनेमे थिएटरात जाऊन बघायच्या लायकीचे राहिलेत का? दोन महिन्यांत टीव्हीवर येतात. घरी आडवं पडून बघू." ती म्हणाली, "बाबा असते तर आडवे पडले असते का?" आणि तू म्हणालास, "बाबा तर आडवेच पडलेत, डोंगरावरच्या कबरीत!"

नववर्षात! दिवाणखान्यात! संत्र्यांसमोर! तुझी ताई ओरडली, "थुंक! थुंक आधी, आणि पुन्हा नीट बोल!" आपल्याकडे तोंडून अशुभ निघालं की तीन वर्षांचं पोरसुद्धा 'थू' करून मोकळं होतं. तू पन्नाशी उलटलेला माणूस, उठलास, जोडे घातलेस आणि न थुंकता निघून गेलास. त्या घटकेपासून तुम्हा दोघांचं बोलणं बंद. एका 'थू'साठी वर्ष गेलं, त्सुन-कित! तिने यंदा दारावर लाल कागद चिकटवताना तुझं नाव काढलं नाही, पण कागद तीनदा वाकडा लावला.

मी मनाशी ठरवलं की या प्रकरणाचा निकाल लावायचाच. भांडण कशावरून झालं? सिनेमा थिएटरात बघण्याच्या लायकीचा आहे की नाही, यावरून. मग तेच तपासू. मी जन्मभर लिफ्ट तपासल्या. स्वतः आत उभं राहून वरखाली केल्याशिवाय एकाही लिफ्टला पास केलं नाही. सिनेमा म्हणजे तरी काय, दार बंद करून माणसांना आत कोंडायचं आणि कुठेतरी पोचवायचं. लायकीचा निघाला तर तुला पुराव्यासकट कळवायचं, म्हणजे तू चुकलास हे कबूल करून मुकाट्याने येशील, असा माझा बेत.

यंदा दोन विनोदी सिनेमे लागले आहेत. एकात संपत्तीचा देव चुकून एका मासेवालीच्या घरी भाड्याने राहतो, दुसऱ्यात दोन स्वयंपाकी एकाच बदकासाठी भांडतात. आधी लोकांना विचारावं म्हणून नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाघरात गेलो. आपल्या टेबलावरचा म्हातारा तोंग दोन्ही बघून आला होता. हा माणूस एरवी कोळंबीच्या मोमोतही खोट काढतो. (गेल्या पावसाळ्यात त्याने हवामान खात्याला वादळ निकृष्ट दर्जाचं होतं म्हणून कळवलं होतं.) मी विचारलं, "देवाचा सिनेमा कसा आहे?" म्हणाला, "छान! खूप लाल आहे." "आणि बदकाचा?" "तोही छान! बदक लठ्ठ आहे." मी म्हटलं, "तोंग, खरं सांग, हसू येतं का?" तर चहाचा कप खाली ठेवून मला म्हणतो, "मोक, नववर्षात मला वाईट बोलायला लावतोस? माझं वर्ष तू भरून देणार आहेस का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तोही फार अंधुक. वर्षभरातले सगळ्यांत महत्त्वाचे विनोदी सिनेमे लागतात तेव्हाच नेमकं सगळ्यांनी वाईट न बोलण्याचं व्रत घेतलेलं असतं! शेजारीण म्हणाली, "फारच शुभ सिनेमा." तिच्या सुनेने "शेवट गोड आहे" म्हणून हातात दोन गोड वड्या ठेवल्या. तिकीटखिडकीतल्या पोरीला विचारलं, तर ती तोंडभर हसून म्हणाली, "आजोबा, दोन्ही सिनेमांत तुम्हांला सोनंच सोनं मिळो." अशा परिस्थितीत सत्य बाहेर पडणार कसं? पण मी मागे हटणारा नाही. लाल तोंडाचाच दिवस गाठायचा, असं मी ठरवलं. त्या दिवशी निदान माणसं खरं बोलतात, तेवढ्यासाठीच तर तो बदनाम आहे.

तिसऱ्या दिवशी तुझी ताई शा टिनला चे कुंगच्या देवळात नशिबाचं चक्र फिरवायला जाते म्हणाली. मी म्हटलं, मी बागेत बुद्धिबळ खेळायला जातो. ती गेली, आणि तिच्या मागोमाग मी थेट थिएटरात. मासेवालीचा सिनेमा निवडला, आणि मागच्या रांगेत बसलो. (लिफ्टमध्येही मी मागेच उभा राहायचो. सगळ्यांचे चेहरे दिसत नाहीत, पण खांदे दिसतात. माणूस घाबरला किंवा हसला की आधी खांदे हलतात.)

काय सांगू तुला! देव मासळीच्या टोपलीत पडतो. मग उठतो. मग पुन्हा पडतो. शेजारचे गृहस्थ पहिल्या पडण्याला झोपले ते दुसऱ्या पडण्यालाही उठले नाहीत. खांदे कुणाचेच हलेनात. मला तुझी फार आठवण आली. सासरेबुवांच्या शेजारी बसून तू विनोद व्हायच्या आधीच हसायचास, रिकामी बादली जिन्यावरून गडगडत यावी तसं. आणि तुझी ताई तुझ्या गुडघ्यावर चापट मारून म्हणायची, "अरे, अजून काही झालं नाही!" आणि मग तीच हसत सुटायची, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतकी वर्षं मला वाटायचं, तिला सिनेमे आवडतात.

शेवटी रिवाजाप्रमाणे सगळे नटनट्या लाल कपडे घालून रांगेत उभे राहिले आणि आपल्याकडे बघून मुठी जुळवून म्हणाले, "भरभराट होवो!" सासरेबुवा या वेळी खुर्चीतून उठून पडद्याला उलट नमस्कार करायचे, आठवतं? मोठ्याने, "तुमचीही होवो!" म्हणून. आपण लाजेने खुर्चीत घुसायचो, आणि ते गेल्यानंतर दर वर्षी आपणच उठायला लागलो. तर मीही उठलो. पडद्याला मुठी जुळवल्या. आणि पाहतो तर अर्ध्या थिएटराच्या पलीकडे आणखी एक बाई उभी, एकटी, मुठी जुळवलेली. लग्नाला चाळीस वर्षं झाली, मला ती पाठ ओळखायला दिवा लागत नाही. तिच्या शेजारच्या खुर्चीवर तिची पिशवी ठेवलेली होती, आणि पिशवीवर नीट घडी घालून कोट. मागून कुणी येऊन विचारलं असतं तर "इथे माणूस आहे" म्हणाली असती, मला खात्री आहे.

मी अंधारातच सटकलो. तासाभराने ती हातात देवळाबाहेर विकतात तसलं कागदी भिरभिरं घेऊन घरी आली. म्हणाली, देवळात फार गर्दी होती. मी म्हटलं, मी बुद्धिबळात हरलो. मग आम्ही मुळ्याचा केक तळून खाल्ला, आणि तिने चुकून मांडलेली तिसरी बशी पुन्हा आत नेऊन ठेवली. त्सुन-कित, मला ते सहन झालं नाही. म्हणून हे पत्र.

भट्टीतल्या सगळ्यांना माझे आशीर्वाद आणि तुला तुझ्या वयाला शोभेल एवढी अक्कल लाभो, ही सदिच्छा.

तुझा,
भावोजी मोक याउ-शिंग

ता. क. पंधराव्या दिवशी दुपारच्या खेळाची तीन तिकिटं काढून ठेवली आहेत. सिनेमा तोच, मासेवालीचा. मधली खुर्ची तुझी. भट्टी एक दिवस बंद ठेवल्याने मकाव उपाशी मरत नाही.

ता. क. २. मी थिएटरात होतो हे ताईला कळता कामा नये. तुला हे पत्र आलंय हेही नाही. तू आपला आपण आलास, असं दाखव.

ता. क. ३. निकाल द्यायचा राहिलाच. तुझं बरोबर होतं. सिनेमा इतका भिकार आहे की आडवं पडून बघायच्याही लायकीचा नाही. तरी तो थिएटरातच, तिच्या शेजारी बसून बघायचा आहे. तू हसल्याशिवाय ती हसणार नाही, हे मी तपासून सांगतोय. (नववर्षात वाईट लिहिलं, म्हणून आत्ता उठून मोरीत थुंकून आलो. बघ, मेलो नाही. आता पुन्हा लिहितो: सिनेमा फार सुंदर आहे.)

ता. क. ४. पाकीट बंद करणार तोच तुझी ताई येऊन उभी राहिली. कुणाला एवढं लांबलचक लिहिताय, म्हणाली. मी म्हटलं, लिफ्ट कंपनीला, पेन्शनचं. ती म्हणाली, "बरं. मग लिफ्ट कंपनीला हेही कळवा, की बुद्धिबळ खेळून आलेल्या माणसाच्या मफलरला मक्याच्या लाह्या चिकटलेल्या नसतात. आणि जे काय थुंकायचं राहिलंय ते मकावलाच थुंकून या म्हणावं, मी आत्ताच फरशी पुसली आहे. पिशवी मी मांडीवर घेईन."